रंग गिऱ्हाइकाला नको, कामाला द्या: कृषी सेवा केंद्राच्या उधारी यादीची रंगखूण

मराठवाड्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्राच्या संगणकावर गिऱ्हाइकांची यादी उघडा. सहाशे-सातशे नावं आणि त्यात नऊ-दहा रंग. लाल म्हणजे बाकी, एवढं सगळ्यांना कळतं. पण फिकट हिरवा कशाचा, तो गडद हिरव्यापेक्षा वेगळा का, आणि गुलाबी कोणी दिला, हे विचारलं की मालक पोराकडे बघतो अन् पोरगा मालकाकडे. अशी यादी रंगीत असली तरी तिचा कामाला काही उपयोग होत नाही.

चूक रंग निवडण्याच्या आधीच झालेली असते. 'हे गिऱ्हाईक कसं आहे' हे दाखवायला रंग वापरला जातो: चांगला, चिकट, मोठा शेतकरी, ओळखीतला. माणसाचा स्वभाव आज बघितला काय नि महिन्यानं बघितला काय, तोच राहतो, म्हणून तो रंगही कधी बदलत नाही. न बदलणाऱ्या रंगाकडे आठवड्याभरात कोणी बघत नाही. रंगानं एकच गोष्ट सांगावी: या नावावर आता काय करायचं आहे. काम झालं की रंग आपोआप जायला हवा.

आधी रकाने, मग रंग

खाली गूगल शीट्स धरून सांगितलं आहे, कारण बहुतेक दुकानांची सुरुवात तिथूनच होते. रकाने या क्रमानं लावा: ए मध्ये खाते क्रमांक, बी नाव, सी मोबाईल, डी गाव, ई पीक, एफ बाकी, जी वायद्याची तारीख, एच काम, आय शेरा, जे मध्ये वायदा किती वेळा हलला तो आकडा.

खाते क्रमांक म्हणून जुन्या खतावणीचा पान क्रमांक चालतो. मोबाईल नंबर ही खूण म्हणून पुरत नाही. एका नंबरवर दोन भावांची खाती असतात, आणि नंबर बदलतोही. नावाचं तर बोलायलाच नको. एकाच गावात तेच नाव, तेच आडनाव, फक्त वडिलांचं नाव वेगळं, असे तिघं सहज निघतात.

गावाचा रकाना मोकळा सोडू नका. बुद्रुक आणि खुर्द शेजारीशेजारी असतात, आणि कोणी 'बु.', कोणी 'बुद्रुक', कोणी नुसतं गावाचं नाव लिहितं. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव ही नावं तर तालुक्या-तालुक्यांत सापडतात. गावाची ठरलेली यादी करा, प्रत्येक गावापुढे तालुका लिहा, आणि इन्सर्ट मेनूतल्या ड्रॉपडाऊनमधून ती यादी त्या रकान्याला लावा. मग कोणी मनानं टंकायचा प्रश्नच येत नाही.

पीक हा रकाना बऱ्याच जणांना फालतू वाटतो. खरं तर सगळी रंगखूण त्याच्यावर उभी आहे.

वायदा पिकावरून ठरतो

तयार हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलानंतर ३० दिवसांनी रक्कम थकीत धरायची सोय असते, आणि बऱ्याचदा ती आधीच चालू असते. जूनमध्ये बियाणं-खत उधारीवर नेलेल्या शेतकऱ्याला जुलैत थकीत ठरवलं, तर जुलैच्या मध्यावर निम्मी यादी रंगून जाते. त्या वेळी त्याच्या हातात पैसा नसतो. फवारणीसाठी तो उलट आणखी उधारी मागत असतो. पोरं दोन महिने ती रंगीत यादी बघून तिला सरावतात. दिवाळीत खरंच वसुलीची वेळ येते तेव्हा त्यांना त्या रंगाचं काही वाटत नाही.

म्हणून तारीख पिकावर धरा. सोयाबीन जूनअखेर पेरलं तर साधारण शंभर दिवसांत काढणीला येतं. रास होऊन माल मोंढ्यात जायला आणि आडतीवरून पट्टी (विक्रीचा हिशेब) हातात पडायला ऑक्टोबर सरतो. तेव्हा वायदा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याचा. कापसाचा पैसा एकदम येत नाही, वेचणीगणिक येतो. त्याला दुसऱ्या वेचणीनंतरची तारीख द्या. तूर जानेवारीत, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये. ऊसवाल्याचं गणित वेगळं: ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळायला हवं. पण ते वेळेवर पडतंच असं नाही, म्हणून तोड झाल्याच्या तारखेपुढे महिनाभर धरावा.

आपल्याकडे सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घालतात. अशा खात्याला पहिली तारीख सोयाबीनची द्या. अर्धी बाकी जमा झाली की एफ मधला आकडा कमी करा आणि जी मध्ये तुरीची तारीख घाला. एका खात्याला दोन तारखांचे दोन रकाने करायला जाऊ नका. पुढचे नियम त्यात अडकतात.

पाच रंग, आणि बाकी सगळं पांढरं

जांभळा: तक्रार उघडी आहे. निळा: पैसे किंवा बुकिंग घेतलं आहे, माल द्यायचा राहिला. नारिंगी: वायदा उलटला. पिवळा: वायदा येत्या सात दिवसांत आहे, फोन करा. राखाडी: खातं बंद. बाकी ओळींवर काही करायचं नाही, म्हणून त्यांना रंग नाही. सुगीचे दिवस सोडले तर पाऊण यादी पांढरी दिसायला हवी. तशी दिसत नसेल तर तारखा चुकलेल्या असतात, किंवा उधारी हाताबाहेर गेलेली असते.

लाल आणि हिरवा मुद्दाम वगळले आहेत. लाल-हिरवा फरक न कळणारी माणसं, त्यातही पुरुष, आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त असतात, आणि पुष्कळांना स्वतःलाच ते ठाऊक नसतं. दुसरं कारण दुकानातच आहे. कीटकनाशकाच्या डब्यावरच्या चौकोनात लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग विषारीपणाची पायरी सांगतात: लाल सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात सौम्य. त्यामुळे मालाचा साठा आणि गिऱ्हाईक एकाच शीटमध्ये ठेवू नका. निळ्या-पिवळ्याचे दोन अर्थ एका पडद्यावर आले की गोंधळ ठरलेला.

तिसरं कारण काउंटरचं. पडदा गिऱ्हाइकाकडे वळलेला असतो, आणि चार माणसांत आपलं नाव लाल दिसलं की माणूस दुखावतो. पैसे देईल, पण पुढच्या हंगामात शेजारच्या दुकानात जाईल. नारिंगीसुद्धा विटकरी नको, फिकटच घ्या. रंग निवडताना गिऱ्हाईक त्यातून काय वाचेल याचाही विचार करावा. पिवळं म्हटलं की रेशनकार्ड आठवतं, आणि भगव्या-निळ्याचा अर्थ तर लोक आपापल्या परीनं लावतातच. म्हणून पडदा आत वळवणं सगळ्यात बरं. आणि जात, पक्ष, घराणं यांवरून रंग द्यायचा नाही.

काम या रकान्यात चारच शब्द ठेवा: तक्रार, माल देणे, बंद, नियमित. तेही ड्रॉपडाऊनमधूनच. नारिंगी आणि पिवळा कोणी निवडायचे नाहीत. ते तारखेवरून आपोआप येतात.

नियम कसे घालायचे

सगळ्यात आधी फाईल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये जाऊन लोकेल (कुठल्या देशाच्या पद्धतीनं तारीख धरायची ते) भारत आणि टाईम झोन कोलकाता आहे का ते बघा. लोकेल अमेरिकेचं राहिलं तर ०५/११ ही ५ नोव्हेंबर न राहता ११ मे होते, आणि १५/११ तर तारीखच धरली जात नाही, अक्षरं म्हणून पडून राहते. यादी अर्धी बरोबर आणि अर्धी चूक रंगते तेव्हा दहातल्या नऊ वेळा कारण हेच निघतं. ओळख सोपी आहे: खरी तारीख खान्याच्या उजव्या कडेला चिकटते, अक्षरं डाव्या.

आता बी२ पासून बी१००० पर्यंतचा पट्टा निवडा, कंट्रोल दाबून धरून एच२ ते एच१००० जोडा, आणि फॉरमॅट मेनूतून कंडिशनल फॉरमॅटिंग उघडा. नाव आणि काम एवढेच दोन रकाने रंगवा. अख्खी ओळ रंगवली की आकडे वाचताना डोळे दुखतात, आणि छापताना शाई जाते ती वेगळी. नियमाच्या यादीत सगळ्यात खाली 'कस्टम फॉर्म्युला' आहे, तो घ्या. खाली सूत्रांचे उच्चार दिले आहेत. टंकताना रकान्याची अक्षरं, फंक्शनांची नावं आणि आकडे इंग्रजीत टाका, अवतरणातले मराठी शब्द मात्र तसेच ठेवा.

पहिला नियम, जांभळा: =$एच२="तक्रार"

दुसरा, निळा: =$एच२="माल देणे"

तिसरा, नारिंगी: =अँड($एफ२>०,$जी२<>"",$जी२<टुडे())

चौथा, पिवळा: =अँड($एफ२>०,$जी२>=टुडे(),$जी२<=टुडे()+७)

पाचवा, राखाडी: =$एच२="बंद"

डॉलरचं चिन्ह विसरलं तर नावाच्या खान्याला नियम एच बघतो, पण एच च्या खान्याला सरकून एन बघायला लागतो, आणि तो रिकामा असल्यामुळे तिथे रंग पडत नाही. अक्षराआधी डॉलर लावला की रकाना पक्का राहतो. आकड्याआधी नाही लावायचा, म्हणजे ओळ खाली सरकत जाते. दुसरी खोच नारिंगी नियमात मधोमध आहे: तारीख रिकामी नसावी ही अट. शीट रिकाम्या खान्याला शून्य समजतं, आणि शून्य आजच्या तारखेपेक्षा लहान असतं. ती अट काढली तर ज्यांना वायदाच दिलेला नाही ती सगळी खाती नारिंगी होतात.

नियमांचा क्रमही तितकाच महत्त्वाचा. शीट वरून खाली बघतं आणि जो नियम आधी लागू पडेल त्याचा रंग देतं. तक्रार सगळ्यात वर आहे त्याला कारण आहे. सोयाबीन उगवलं नाही हे पेरणीनंतर आठवड्याभरात कळतं. त्या शेतकऱ्याला दुकानातून मागच्या बाकीचा फोन गेला तर यापेक्षा वाईट वेळ शोधूनही सापडायची नाही. जांभळं नाव दिसलं की वसुलीचा फोन थांबवायचा आणि शेरा उघडायचा. शेऱ्यात लॉट क्रमांक, पेरणीची तारीख आणि त्या आठवड्यात पाऊस किती झाला ते लिहिलेलं असावं. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के हवी, पण ७५-१०० मिलिमीटर पावसाआधी केलेली पेर किंवा खोल पडलेलं बी हीदेखील न उगवण्याची कारणं असतात. तक्रार तालुका पातळीवरच्या निवारण समितीकडे गेली की पाहणीला येणारे हेच तपशील मागतात, आणि पिशवी-टॅग-बिल शेतकऱ्यानं जपलं का तेही विचारतात.

निळा नारिंगीच्या वर, कारण माल न्यायला माणूस तसाही दुकानात येणार आहे. समोरासमोर बाकीचं बोलणं फोनपेक्षा बरं. राखाडी मुद्दाम तळाशी. खातं बंद केलं पण बाकी राहिली असेल तर ते नारिंगीच दिसायला हवं, नाहीतर 'बंद' हा शब्द बुडीत उधारी झाकायच्या कामाला येतो.

कुठे बिनसतं

आकडे. मराठी कीबोर्डावरून २५०० टंकलं की शीट बहुतेक वेळा त्याला रक्कम न समजता अक्षरं समजतं. बेरजेत तो आकडा धरला जात नाही आणि रंगाचा नियमही चुकतो. एफ आणि जी मध्ये आकडे इंग्रजीच. दुकानातल्या पोराला हे एकदा सांगून भागत नाही. फॉरमॅट मेनूतून एफ ला चलनाची मांडणी लावा, म्हणजे ज्या खान्यात रुपयाचं चिन्ह येत नाही तो चुकला हे लगेच दिसतं.

शब्द. 'गिऱ्हाईक' हाच शब्द दोन कीबोर्डांवर दोन तऱ्हेनं टंकला जातो. दिसायला सारखा, पण आतली अक्षरं वेगळी, त्यामुळे गाळणीत (फिल्टरमध्ये) एक सापडतो नि दुसरा निसटतो. शब्दामागे चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा पुरते: 'तक्रार' आणि मागे जागा असलेला 'तक्रार' शीटच्या लेखी दोन वेगळे शब्द आहेत. ड्रॉपडाऊनचा आग्रह त्यासाठीच.

चिकटवणं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली किंवा दुसऱ्या फाईलमधली नावं साध्या पेस्टनं चिकटवली की त्यांच्याबरोबर त्यांची मांडणीही येते आणि नियमांचे पट्टे तुटतात. महिन्याभरानं कंडिशनल फॉरमॅटिंग उघडाल तर पाचाचे तीस नियम झालेले असतात. कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा; त्यानं नुसता मजकूर येतो.

आणि हातानं रंगवणं. हा सगळ्यात जुना रोग. बादलीचं चित्र दाबून कोणी ओळ पिवळी केली की ती पैसे मिळाले तरी पिवळीच राहते, कारण तो रंग कशालाच बांधलेला नसतो. नेहमीच्या सूत्रांना खान्याचा रंग मोजता येत नाही, त्यामुळे 'पिवळे किती' याचं उत्तर मिळत नाही. 'तक्रार' हा शब्द मात्र मोजता येतो. शिवाय यादी सीएसव्ही (नुसत्या मजकुराची फाईल) करून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेली की सगळे रंग मागेच राहतात आणि फक्त मजकूर जातो. जुनी रंगवलेली यादी असेल तर प्रत्येक रंगाची गाळणी लावा, एच मध्ये योग्य शब्द भरा, मग सगळी निवडून रंग काढून टाका. तासाभराचं काम आहे.

एक चूक मात्र शीटची नसून माणसाची आहे. वायदा उलटला, फोन केला, समोरचा म्हणाला, 'पुढच्या बाजारी देतो,' पोरानं तारीख पुढे ढकलली आणि ओळ पांढरी झाली. असं चार वेळा केलं की ते खातं कायम पांढरंच राहतं. 'जे' हा रकाना यासाठीच ठेवला आहे. तारीख हलवली की त्यातला आकडा एकानं वाढवायचा. तीन झाले की फोन बंद, मालकानं स्वतः गावात जायचं. यासाठी वेगळा रंग नको. महिन्यातून एकदा 'जे' रकान्यावर मोठा ते लहान असा क्रम लावून वरची दहा नावं वाचली तरी पुरतं.

तयार सॉफ्टवेअरवर जाताना

झोहो सीआरएमसारख्या, गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग दोन ठिकाणी देता येतो: पिकलिस्ट म्हणजे ठरलेल्या पर्यायांच्या रकान्याला, आणि टॅगला. पिकलिस्टमध्ये एका वेळी एकच पर्याय बसतो, टॅग मात्र एका नोंदीला बरेच चिकटवता येतात. म्हणून काम हा रकाना पिकलिस्टच ठेवा. टॅगला 'ठिबक आहे', 'बीटी कापूस', 'शेतकरी गट' असली माहिती द्या, आणि टॅगांना एकच फिकट रंग ठेवा. टॅगही रंगीबेरंगी केले की नऊ रंगांचा जुना गोंधळ नव्या सॉफ्टवेअरमध्ये परत उभा राहतो. तिथे आपोआप रंग देण्यापेक्षा 'वायदा उलटलेले' अशी जपून ठेवलेली गाळणी जास्त उपयोगी. सकाळी ती उघडली की फोनची यादी तयार.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसची रंगीत लेबलं मागणी टिपायला बरी. पण त्यांना तारीख कळत नाही. पैसे बाकी असल्याचं लेबल कोणी काढेपर्यंत तसंच राहतं, आणि शीट एक सांगतं, फोन दुसरंच. उधारीचं लेबल तिथे करूच नका.

छापील यादी आणि उन्हातला फोन

वसुलीला दुचाकीवर निघताना कागद लागतोच. दुकानातला छपाईयंत्र काळा-पांढराच असतो, त्यावर पिवळा दिसतच नाही आणि नारिंगी व जांभळा दोन्ही राखाडी होतात. एप्रिल-मेच्या उन्हात फोनच्या पडद्याचीही तीच गत. तेव्हा गावाची गाळणी लावा, वायद्याच्या तारखेनं क्रम लावा, आणि तारीख, बाकी व काम हे रकाने कागदावर आलेच पाहिजेत. रस्त्यावरची गावं एका फेरीत बसवा. एका गावातली सहा नावं आणि दुसऱ्या टोकाचं एक, अशी यादी घेऊन निघालं तर पेट्रोल वसुलीपेक्षा जास्त जातं.

यादी ताजी करायची वेळ आठवडी बाजाराच्या संध्याकाळची. त्या दिवशी पैसे येतात, नवे वायदे होतात, आणि दुसऱ्या दिवशी ते कोणाला आठवत नाहीत. मोठी साफसफाई वर्षातून दोनदा: मृगाच्या आधी मे अखेरीस, आणि दिवाळीत वहीपूजनाच्या आधी. तेव्हा बंद खाती वेगळ्या पानावर हलवा, बदललेले नंबर दुरुस्त करा, कंडिशनल फॉरमॅटिंग उघडून नियम पाचच आहेत का ते मोजा.

मध्येच कोणीतरी सहावा रंग मागेल, बहुतेक 'खास गिऱ्हाइकांसाठी'. त्याला विचारा, तो रंग दिसल्यावर सकाळी दुकान उघडणारा पोरगा काय करेल? उत्तरात एखादं क्रियापद आलं (फोन करेल, माल बांधेल, पाहणीला जाईल) तर रंग द्या, आणि पाचांतला एक काढून टाका. नुसतं 'लक्ष ठेवेल' असं आलं तर ती गोष्ट शेऱ्यात लिहा.